पाटावरची पिवळी पाटी

ऊस तुटला आणि आमचं जुनं स्टेशन पुन्हा रस्त्यावरून दिसायला लागलं. दुहेरीकरणात रूळ सरळ झाले, नवं स्टेशन पलीकडे लांब गेलं आणि हे मागे फडात राहून गेलं. आबा, म्हणजे माझे वडील, इथे पॉइंट्समन होते; गाडी येण्याआधी सांधे बदलायचे. पलूसच्या शाळेत मी इतिहास शिकवते, म्हणून या स्टेशनचाच इतिहास लिहायला घेतला होता. त्या रविवारी आबांना स्कूटीवर मागे बसवून मी तिथे गेले.

तिकीट खिडकी होती, बाकडं होतं, पण नावाची पाटी नव्हती. आबा नुसतेच इकडेतिकडे बघत राहिले. मग शेजारच्या रानात जायला पाटावर टाकलेल्या पत्र्यावर त्यांनी पाय ठेवला आणि थबकले. काठीनं दोनदा ठोकलं.

"पोरी, ह्यो साधा पत्रा न्हाई. ह्याच्या बोल्टांची भोकं बघ!"

मी पाटात उतरले. गुडघाभर गाळ. खालून हात फिरवला तर गुळगुळीत लागलं. बोटानं चिखल पुसला, वाकून पाहिलं, आणि मी चक्क ओरडले, "आबा, पिवळं आहे! खाली काळी अक्षरं आहेत!"

ओरडा ऐकून रानाचा मालक पळत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

"आवं आबा, लिलावाच्या भंगारातनं आणलावता आमच्या म्हाताऱ्यानं. उलटा टाकलावता, पाय घसराय नको म्हणून."

"लय शाणा व्हता तुझा म्हातारा," आबा म्हणाले. "त्यानंच जपलं की रं!"

मालकानं ट्रॅक्टर आणला. साखळी लावून पाटी उचलली. बादल्यांनी पाणी मारलं. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, तिन्ही नावं लख्ख! आबा एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होते, लहान पोरासारखे. मालकाला जायला-यायला आम्ही पाटात सिमेंटचा पाईप टाकून दिला.

पाटी आता शाळेच्या व्हरांड्यात उभी आहे. पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त सुभेदार ती बघायला आले. फौजेत भरतीला त्या जुन्या स्टेशनवरच गाडीत बसले होते म्हणाले. "लिहून घेताय नव्हं, बाई?" मी पेन शोधेपर्यंत त्यांनी सांगायला सुरुवातही केली होती.