हातभर अंतर

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची कंपनी पश्चिम सीमेवर एका कालव्याच्या बांधामागे होती. मी वायरलेस ऑपरेटर. प्लाटून हवालदार रंगनाथ शेवाळे आणि सिपाही दगडू कांबळे हे दोघे हडपसरजवळच्या एकाच गावचे. शेवाळे पाटलांच्या भावकीतले, दगडू गावकुसाबाहेरचा. पलटण मिश्र होती, लंगर एकच, जेवण एका पंगतीत. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज, मग शस्त्रांची सफाई, मग चहा. गावाचा विषय दोघेही टाळत.

हल्ल्याच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही बांध ओलांडला. माघारी येताना हवालदारसाहेबांच्या पोटात गोळ्याचा स्प्लिंटर घुसला. मी सेटवर कळवलं.

"कॅज्युअल्टी वन. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"स्ट्रेचर नहीं आ सकता. वापस आओ. आउट."

हवालदारसाहेबांनी ते ऐकलं. "दगडू, मला इथंच टाक. ऑर्डर आहे."

दगडूने त्यांना खांद्यावर घेतलं.

"गप पडा, आबा. गावात शिवलो असतो तर आंघोळ केली असती तुम्ही. इथं पाणी न्हाय."

आबा हे त्यांचं गावातलं नाव. पलटणीत दगडूने ते कधी उच्चारलं नव्हतं. हवालदारसाहेब हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि दगडूची पाठ रक्ताने भिजली. बांध समोर दिसत होता. मी काही पावलं मागे होतो. मॉर्टरचा गोळा त्यांच्या पुढ्यात पडला. धूळ बसल्यावर मी पुन्हा सेट उचलला.

"करेक्शन. कॅज्युअल्टी टू. ओव्हर."

ते गाव आता पुणे शहरात आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या चौकात दोघांचं स्मारक करायचं ठरलं. ते पाहिलेला माणूस मी एकटाच उरलो होतो, म्हणून समितीने मला बोलावलं. मी सांगितलं तसं शिल्पकाराने मातीचं मॉडेल केलं. दगडूच्या खांद्यावर हवालदारसाहेब. ते पाहायला आम्ही कात्रजला त्याच्या कारखान्यात जमलो.

समितीचे अध्यक्ष हवालदारसाहेबांचे पुतणे. गावची जमीन विकून बिल्डर झालेले. ते मॉडेलभोवती फिरले.

"काम झकास हाय. फक्त तोंडं बदला."

"म्हणजे?" शिल्पकाराने विचारलं.

"खालचं वर, वरचं खाली. आमच्या आबांनी त्याला उचललाय, असं."

"तसं घडलं नाही," मी म्हणालो.

"काका, तुमचं खरं असंल. पण भावकीला हे बघवंल का?"

दगडूची नात वकील आहे. चुलतभावाची नात. तीही आली होती.

"तोंडं बदलायची नाहीत," ती म्हणाली. "पण हेही नको. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही यांचं ओझंच वाहिलं. आता ब्राँझमध्येही वाहायचं?"

"ते ओझं नव्हतं," मी म्हणालो. "टाकून द्यायची ऑर्डर होती. त्याने ती मानली नाही."

"हे तुम्हाला माहीत आहे, काका. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसणार? वर पाटील, खाली आम्ही."

 

पुढे सभा झाल्या, मोर्चा निघाला, चौकात पोलिसांची गाडी उभी राहू लागली. अखेर तोडगा निघाला, आणि त्या गावात बहुधा पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं. दोन पुतळे. शेजारी शेजारी, सारख्या उंचीचे, हातात रायफल. शिल्पकाराने माती मोडून पुन्हा भिजत घातली.

अनावरणाला मी गेलो नाही. दर डिसेंबरला मात्र जातो. शेवाळ्यांकडची माणसं एका पुतळ्याला हार घालतात, कांबळ्यांकडची दुसऱ्याला. मग आपापल्या बाजूने निघून जातात. दोन चौथऱ्यांमध्ये हातभर अंतर सोडलेलं आहे. मी माझी फुलं तिथे जमिनीवर ठेवतो.

दगडूने हवालदारसाहेबांना खाली ठेवलं नव्हतं.