केतकीचं पुठ्ठ्याचं मुंडकं

ऑगस्टातल्या एका शनिवारी संध्याकाळी वृंदानं टीव्हीवर केतकीला बघितलं आणि तिच्या हातातला चहा निवला तो निवलाच.

वृंदा कराडकडची, मसूरची. शिकली औषधांचं. नवऱ्याच्या, संकेतच्या नोकरीपायी तीन वर्षं अमेरिकेत काढली. तिथं तिला काम करायची मुभा नव्हती. बसून बसून बेसबॉलचा नाद लागला, तो पुढं आयर्लंडात, नास गावी आल्यावरही सुटला नाही. आपल्या संघाचं नाव ती परक्यापुढं घेत नाही, दृष्ट लागते म्हणे.

इथं दुकानात उभं राहायचं तर फार्मासिस्टचा परवाना पाहिजे, आणि परवान्याला परीक्षा. ती एकदा आपटली होती. पेपरात नव्हे, तोंडीत. खोटा पेशंट समोर बसवतात, त्याच्याशी बोलायचं. वृंदा बोलते कुठली, हुकूम सोडते. दुसरी खेप ऑक्टोबरात होती. ही गेली तर पुन्हा घरात बसणं आलं.

त्या साली कोरोनापायी अमेरिकेत मैदानात माणसं सोडत नव्हते. पैसे भरले की तुमचा पुठ्ठ्याचा फोटो खुर्चीत उभा करायचे. बॅटवाल्याच्या बरोब्बर मागं केतकी उभी होती, दात काढून. कॉलेजात हिनं वृंदाची जर्नलं उतरवून काढली. अमेरिकेत जाऊन तिकडचा परवाना मात्र पहिल्या फटक्यात मिळवला. बेसबॉलातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि उभी कुठं, तर वृंदाच्या संघाच्या मैदानात. प्रत्येक चेंडूला दिसायची.

सासूबाई, वसुधाबाई, फेब्रुवारीत आलेल्या, विमानं थांबली म्हणून अडकलेल्या. वृंदा त्यांना आमच्याकडच्या रीतीनं आत्या म्हणते.

"ही आपल्यातलीच दिसती," आत्या म्हणाल्या. "लई तरणी गेली."

"कुठं गेली?"

"वर. एवढं फोटू मांडल्यात न्हवं. समदी ह्या रोगात गेली आसतील."

"आत्या, जिती आहेत सगळी."

"मग जित्या माणसाचा फोटू आसा उन्हात कोण मांडतंय? हार तेवढा ऱ्हायलाय."

त्या 'गेली'नं वृंदाला घटकाभर बरं वाटलं, हे तिनं पुढं कबूल केलं. केतकीचे मेसेज यायचे, परीक्षा कधी, रोज अर्धा तास घेते तुझा. वृंदा वाचायची आणि पुस्तक उघडायची. पुस्तकात काही शिरत नव्हतं, तो भाग वेगळा.

सप्टेंबरात एका रविवारी चेंडू बॅटला चाटून मागं गेला आणि केतकीचं मुंडकं मानेपासून उडालं. वृंदा सोफ्यावर उभी राहून हसली.

"आसं हासू ने गं," आत्या म्हणाल्या.

वृंदानं टीव्हीचा फोटो काढून पाठवला, 'केतकी, तुझं डोकं गेलं.' लगेच उत्तर आलं, 'मग चेंडू माझा!' त्या मैदानाची रीत अशी, की ज्याच्या फोटोला चेंडू लागला त्याला तो घरपोच मिळतो.

तीन वर्षं उन्हातान्हात त्याच मैदानात बसून वृंदाच्या हाताला एक चेंडू लागला नव्हता. आठवडाभर तिनं केतकीचं नाव काढलं नाही. पेशंट म्हणून सासूलाच समोर बसवलं.

"माझ्या पोटात कळ येतीया," आत्या म्हणाल्या.

"तिखट बंद करा. ही गोळी जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ."

"आगं, मला बोलू तर दी. तुझी गोळी दिऊन झाली, आन् माझं दुखणं आजून माझ्याच तोंडात हाय."

वृंदानं पुस्तक मिटलं.

"ती मुंडकं उडाल्याली शिकवती म्हनती न्हवं?"

"तिच्याकडून नको."

"मग बस माझ्यासंगं. मला काय विंग्रजी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी वृंदानं केतकीला फोन लावला. पुढचे वीस दिवस केतकी रोज कधी म्हातारी झाली, कधी दारुडा, कधी लेकुरवाळी. तिच्या पाठीमागच्या फळीवर तो चेंडू ठेवलेला. वृंदा ऐकायची केतकीचं, बघायची चेंडूकडं.

परीक्षेत समोर एक म्हातारबाबा बसवला होता. काहीही विचारा, 'ग्रँड' म्हणायचा; इथं 'ठीक आहे'ला ग्रँडच म्हणतात. असल्याच एकाचं सगळं बरं आहे, असं समजून मागल्या खेपेला ती पुढं सरकली होती. ह्या खेपेला आणखी काय काय घेता ते विचारलं, आणि जीभ दाताखाली धरून थांबली. थांबल्यावर बाबा बोलला, की बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तोच संपवतोय, वाया नकोत म्हणून.

नोव्हेंबरात निकाल आला. वृंदा पास. संकेतनं हौसेनं आधी केतकीलाच कळवलं. वृंदा देवापुढं साखर ठेवून येईतो कॉलेजच्या ग्रुपवर केतकीचं पडलं होतं, 'आमची वृंदा पास. वीस दिवस मीच तयारी करून घेतली.' खाली सगळे केतकीचं कौतुक करत होते.

"पास झालीस न्हवं?" आत्यांनी विचारलं. "मग त्वांड का आसं?"

"खोटं काही लिहिलं नाही तिनं," वृंदा म्हणाली.

"मग?"

"तेच तर."

तिनं चार ओळी लिहिल्या, पुसल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. शेवटी 'आभार, केतकी' एवढंच पाठवलं आणि ग्रुपचा आवाज कायमचा बंद केला.