न सारवलेला कोपरा

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. अकोल्याला जठारपेठेत एका घराच्या मागच्या बाजूला आमची एक खोली होती. त्यात मी, माझी बायको आणि तिचा ससा.

ससा तिच्या माहेरचा, चांदूर बाजारचा. लहान होता तेव्हा कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिनं त्याला जगवलं होतं. आमचं लग्न झाल्यावरही तो तिकडेच अंगणात मोकळा राहिला आणि चांगला दांडगा झाला. पुढं त्या गल्लीत कुत्री फार झाली, म्हणून एकदा येताना ती त्याला झाकणाच्या टोपलीत घालून एस.टी.नं घेऊन आली. माहेरचं म्हणून आमच्या घरात काय होतं? एक तांब्या आणि हा ससा.

अंगणात वाढलेलं जनावर ते. त्याला घर काय आणि अंगण काय, सारखंच. चुलीजवळ लेंड्या, अंथरुणावर लेंड्या, मनात येईल तिथं मूत. घरमालकीण म्हातारी मोठी टापटिपीची बाई होती. ती रोज दारात येऊन नाकाला पदर लावायची.

मी तिसरीतून शाळा सोडली, पण गावी असताना भल्याभल्या अडेल गोऱ्ह्यांच्या मानेवर जू ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, "मावशी, एवढाले बैल वळणावर आणले मी. ह्या मूठभर जनावराचं काय घेऊन बसल्या?"

"बैल घरात झोपत नाही रे बापू," म्हातारी म्हणाली.

मी कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये कामाला होतो तिथून एक फुटकं घमेलं आणलं. त्यात तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, घातलं आणि ते दाराजवळ ठेवलं. ससा उचलून त्यात बसवायचा आणि दाबून धरायचा. सोडला की तो सरळ मागच्या भिंतीशी, पाण्याच्या रांजणामागं जाऊन मुतायचा आणि मागचा पाय भुईवर दणकन आपटायचा. मला चिडवायला आपटतो असं मला वाटायचं. आजही वाटतं.

कधीमधी घमेल्यात एखादी लेंडी पडे. मी खूश. पण शुक्रवार आला की बायको भुई सारवायला बसायची. घमेलं राखेनं घासून उन्हात पालथं घालायची, कोपरे न् कोपरे शेणानं लिंपायची. दुसऱ्या दिवशी ससा खोलीभर हुंगत फिरायचा आणि पुन्हा चुलीपासून सुरुवात करायचा. असं तीन-चार महिने चाललं.

मग ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. एस.टी. स्टँडवर म्हातारी आली होती. तिथंच तिनं मला बजावलं, "हे पाह्य, आता पोरगी लेकरू घेऊन येईन. त्याच भुईवर ते लोळीन, रांगीन. तोवर सशाले वळण लागलं तं ठीक, नाही तं तो माह्या घरात राहणार नाही. जिनिंगच्या चौकीदाराले देऊन टाकजो."

त्या चौकीदाराच्या आवारात बोके किती होते ते बायकोला ठाऊक होतं. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून एवढंच म्हटलं, "अवो, मी आली तं तो घरात दिसला पायजे."

"दिसीन," मी म्हटलं.

आता घरात आम्ही दोघंच. मी भाकरी थापायला शिकलो, पण सारवणं हे काही पुरुषाचं काम नव्हे. मी आपला खराटा मारायचो, लेंड्या गोळा करून बाहेर टाकायचो, बस. भुईला पोपडे आले. आणि झालं असं, की ससा चुलीजवळ जायचा बंद झाला. मग अंथरुणावर येणं बंद झालं. रांजणामागचा तो एकच कोपरा त्यानं धरला. मी खाली बसून हुंगून पाहिलं. वास नुसता झणझणत होता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की त्याला स्वतःच्या वासावरून जागा सापडते, आणि आम्ही दर शुक्रवारी तीच पुसून टाकत होतो.

घमेलं दाराजवळून उचललं आणि त्या कोपऱ्यात ठेवलं. मी हरलो असं कोणी म्हणू नये. घमेलं मी हलवलं, सशानं नाही. त्यातलं थोडं कुटार कोपऱ्यातल्या मुतानं ओलं करून तसंच राहू दिलं, एका कडेला हरभऱ्याचा पाला ठेवला. तो आपण होऊन आत चढला, बूड टेकलं आणि पाला खात खात आपलं काम करत बसला. जिनिंगमधून दमून आलो की मी चुलीपुढं बसून भाकरी खायचो, तो घमेल्यात बसून पाला खायचा. आता मुलाच्या घरी सगळीकडं फरशी आहे, तरी वाळलेल्या कुटाराचा वास कुठून आला की मला ती खोली आणि ते तोंड हलवणं दिसतं.

हिवाळा सरता सरता बायको मुलीला घेऊन आली. म्हातारी मागोमाग आत शिरली. तिनं अंथरूण उचलून पाहिलं, चुलीमागं वाकून पाहिलं. एक लेंडी सापडली नाही.

"ससा सुधारला," ती म्हणाली, "पण ह्या भुईचं काय केलं रे तू? ढोरायचा कोठा बरा. पोरी, उद्या सकाळीच सारवून काढजो."

"काढीन, मावशी," बायको म्हणाली.

"सारव, पण रांजणामागचा कोपरा सोडून," मी म्हटलं. "तिथं हात लागला तं तो पुन्हा घरभर करीन." मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

म्हातारी हसायला लागली. "मुताचा कोपरा जपून ठेवते म्हणते हा!"

बायको हसली नाही. मुलीला मांडीवर घेऊन तिनं सशापुढं पाल्याची एक काडी धरली. मग म्हणाली, "मी सारवीन तं सारी भुई सारवीन. कोपरा सुटला तं बाया मले नावं ठेवतीन. तुमाले कोण काय म्हणते?"

"मंग मी सारवतो," मी म्हटलं. "मले ठेवू दे नावं."

"तुमी?"

"हो, मी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेण आणलं, बादलीत कालवलं, धोतर खोचलं आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. घमेल्याच्या कडेनं वीतभर जागा सोडली. नळावरच्या बाया घागरी तशाच ठेवून दारात जमल्या. मधे म्हातारी, कमरेवर हात ठेवून. मुलीला खांद्यावर घेतलेली बायको उंबऱ्यातून सांगत होती, "अवो, पुसल्यावानी नोका करू. हात गोल फिरवा, गोल." मी हात गोल फिरवत, मागं सरकत सरकत दाराकडं येत होतो.