ढील, खेच, सोड

मी लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे काळजी करण्याचाच मला पगार मिळतो. दोर तुटला तर, ब्रेक लागला नाही तर, दार मधेच उघडलं तर, असं दिवसभर ‘तर तर’ करत मी बोरिवलीभर फिरतो आणि संध्याकाळी उरलेले ‘तर’ घेऊन घरी येतो. बायको म्हणते, तुझ्या पाचवीला सटवाई आली तेव्हा तिने कपाळावर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं आणि ती घाईने निघून गेली.

त्या वर्षी माझे सगळे ‘तर’ एकाच जागी गोळा झाले होते. एका बाजूला आमच्या सोसायटीची विहीर आणि दुसऱ्या बाजूला माझे एकाहत्तर वर्षांचे बाबा.

इमारत होण्याआधी इथे कुणाची तरी वाडी होती, तिची ही विहीर. पाणी पिण्याजोगं नाही, पण संडासांना आणि गाड्या धुवायला तेच. पंपाचा लोखंडी पाइप विहिरीच्या भिंतीला पक्का बसवलेला, आणि त्याच्या पाण्यातल्या टोकाला पाणी आत घेणारा जाळीचा फूटव्हॉल्व्ह. दर मे महिन्यात पाणी खाली गेलं की जाळीवर गाळ, पिशव्या, काय काय येऊन बसायचं आणि पंप नुसता घरघर करायचा. मग बाबा कठड्यावर चपला काढून ठेवायचे, भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून अर्धं उतरायचे, तिथून सूर मारायचे आणि जाळी साफ करून वर यायचे. सगळी सोसायटी वाकून बघायची, टाळ्या वाजवायची. एका गणपतीत त्यांना शाल-श्रीफळही दिलं. त्या शालीनेच सगळी वाट लावली. शाल घेतलेला माणूस मागे कसा हटणार?

डिसेंबरात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसल्या. डॉक्टरांनी जिनासुद्धा थांबत थांबत चढायला सांगितला. एप्रिलअखेर पंप घरघरायला लागला आणि बाबा जेवताना म्हणाले, “यंदा जरा लवकरच उतरूचा लागतला.”

मी घास तसाच ठेवला. “बाबा, सोसायटीने नोटीस लावलीय. विहिरीत कोणी उतरायचं नाही.”

“ती इतरांका,” बाबा म्हणाले. “माका पाणी नवा आसा काय?”

ज्याचं करावं भलं, तो म्हणे माझंच खरं. त्यांना अडवायचं तर एकच मार्ग होता. ते काम त्यांच्याआधी दुसऱ्या कुणीतरी उरकायचं. मी स्वतः उतरण्याचा प्रश्नच नव्हता. मला पोहता येत नाही. सात वर्षांचा असताना गावच्या विहिरीत बाबांनी माझ्या पाठीला दोन सुके नारळ बांधले आणि पोटाखाली हात देऊन मला पाण्यात धरलं. “बाबा, सोडू नका, सोडू नका,” मी बोंबलत होतो. त्यांनी सोडलं. सोडल्याशिवाय पोहता येत नाही, अशी तिकडची शिकवणी. वाडीतली सगळी पोरं तशीच शिकली. मी तेवढा पोटभर पाणी पिऊन वर आलो आणि त्यानंतर कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही.

म्हणून मी यंत्र करायला घेतलं. माणसाऐवजी पाण्यात उतरेल, कॅमेऱ्याने वर चित्र दाखवील आणि पुढच्या आकड्याने जाळीवरचा कचरा ओढून काढील असं. मोबाइलवर परदेशातल्या शाळकरी मुली असली यंत्रं हसत हसत करताना दिसत होत्या. मला मात्र तीन आठवडे लागले, आणि हसू एकदाही आलं नाही.

प्लंबरकडच्या उरलेल्या पांढऱ्या पाइपांची चौकट केली. बाबांच्या औषधांच्या रिकाम्या डब्यांत तीन छोट्या मोटरी बसवून वर मेण ओतलं, पाणी शिरू नये म्हणून. त्यांना पंखे लावले. पाइपात घालून बघायचा एक स्वस्त कॅमेरा पुढे बांधला. बायकोच्या जुन्या डब्यात दारावरच्या बेलची सहा बटणं बसवली. तो यंत्र चालवायचा डबा. तिथून यंत्रापर्यंत वीस मीटर केबल. चौकट तरंगावी म्हणून फोम, आणि फार तरंगू नये म्हणून मासे धरायच्या जाळ्याला लावतात ती शिसं. ती बाबांनीच गोराईला जाऊन एका ओळखीच्या कोळ्याकडून आणली. आपल्याला पाण्यापासून लांब ठेवायला हे चाललंय, हे त्यांना कळत होतं. तरी शिसं एकेक तोलून त्यांनीच बांधली. बाल्कनीतल्या निळ्या पिंपात यंत्र बुडायचं, बटण सोडलं की हळूच वर यायचं. मी पुन्हा पुन्हा तेच करून बघायचो. काही बिघडलं, वीज गेली, तरी ते आपोआप वर आलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

केबल धरायचं काम बाबांचं. त्यांना नुसतं बसवून ठेवलं असतं तर ते रुसले असते. पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मी म्हटलं, “बाबा, जरा सोडा,” आणि त्यांनी केबलचं आख्खं भेंडोळं पिंपात सोडलं. मी चिडलो. ते म्हणाले, “कळशी सोड म्हटला तर दोरी हातात धरून बसतत काय?” त्यांचंही खरं होतं. विहिरीवर ‘सोड’ म्हणजे सोडच. शिवाय बाबांची उमर गिरणीच्या साचेखात्यात गेली. तिथल्या मागांच्या खडखडाटाने कान गेले, आता कानाला मशीन लावतात, आणि लांब वाक्यातला एखादाच शब्द त्यांच्यापर्यंत पोचतो. म्हणून आम्ही पतंगाचे शब्द ठरवले. सैल करायचं तर ‘ढील’, ओढायचं तर ‘खेच’. ‘सोड’ हा शब्द घरात बंद. बायको तर तेलात भजी सोडायची थांबली, घालायला लागली.

रविवारी सकाळी सातला आम्ही विहिरीवर गेलो. सोबत फक्त आमचे वॉचमनकाका, कारण बघायला गर्दी नको असं मीच ठरवलं होतं. बाबांनी नारळ ठेवला आणि हात जोडून खणखणीत गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, आज ह्या यंत्र तुझ्या पाण्यात सोडतव. तेका सांभाळून न्ही आणि सांभाळून वर हाड रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” मी म्हटलं. वॉचमनकाका उत्तर प्रदेशातले, पण तेही म्हणाले.

यंत्र पाण्यात गेलं. मी कठड्याजवळ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो, बाबा माझ्या मागे केबल घेऊन उभे. “ढील,” मी म्हणायचो आणि ते हातभर द्यायचे. “ढील.” पुन्हा हातभर. पडद्यावर हिरवट अंधार, मग पाइप, मग फूटव्हॉल्व्ह. त्याच्याभोवती कुणाच्या तरी गॅलरीतून उडालेली ओढणी गच्च गुंडाळलेली होती. लाल, टिकल्या लावलेली. मला इतका आनंद झाला की मी चक्क हसलो. आकडा ओढणीत अडकवला आणि ओरडलो, “खेच!”

बाबांनी खेचलं. ओढणी हलली, पण आकडा जाळीतही अडकला होता. चौकट वाकडी झाली. “ढील,” मी म्हटलं. बाबा खेचतच होते. ओढणी सुटतेय असं त्यांच्या हाताला वाटत असावं. केबल तारेसारखी ताणली गेली आणि पडद्यावरचं चित्र जायला-यायला लागलं, म्हणजे जिथे ती यंत्राला जोडली होती तो जोड उघडत होता. तीन आठवड्यांचं काम डोळ्यांसमोर तुटत होतं. मागे न बघता मी किंचाळलो, “सोडा बाबा, सोडा!”

त्यांनी सोडलं.

भेंडोळं कठड्यावरून सरसरत खाली गेलं, त्याच्या झटक्याने डब्यातली पिन निघाली, लॅपटॉपमधली निघाली, आणि केबलचं टोक पाण्यात दिसेनासं झालं. पडदा काळा.

मी वळून बघितलं. बाबा रिकाम्या हातांकडे बघत होते. “तू सोड म्हणालंस,” ते म्हणाले, “मी सोडलंय.” मग स्वतःशीच, “चूक माझीच. ढील असतली.”

त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे. मी ते म्हटलं नाही. मी रागात होतो, आणि हे मला आजही टोचतं. मी नुसतं म्हटलं, “थांबा, गळ आणतो.” विहिरीत पडलेल्या बालद्या काढायचा गळ पंपाच्या खोलीत असायचा. वॉचमनकाकांना घेऊन तिकडे गेलो. रंगाचे डबे बाजूला केले, जुन्या कुंड्या हलवल्या. गळ सापडला तेव्हाच बाहेर धप्पकन पाण्याचा आवाज झाला.

कठड्यावर चपला होत्या. नेहमीसारख्या, जोडून. डाव्या चपलेत कानाचं मशीन काढून ठेवलेलं. म्हणजे मी कितीही हाका मारल्या तरी ऐकू जाणार नव्हत्या. मी तरी मारत होतो. पाणी गढूळ, त्यावर वर्तुळं, आणि वर्तुळंही विरत चाललेली. मी मनात मोजायला लागलो. कशासाठी ते मला माहीत नाही. वीस. पंचवीस. तीस.

मग पाण्यातून काहीतरी वर आलं. पांढरं. माझा जीव भांड्यात पडणार तोच मी नीट बघितलं. यंत्र होतं. आकड्याला लाल ओढणी लोंबत होती. मी शिकवल्याप्रमाणे ते आपोआप वर आलं होतं आणि शहाण्यासारखं तरंगत होतं. आम्ही मागितलं ते देवाने बरोब्बर दिलं होतं. सांभाळून नेलं, सांभाळून वर आणलं. गाऱ्हाण्यात बाबांचं नाव घ्यायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

मी पायऱ्या उतरायला लागलो. कधी लागलो ते आठवत नाही. लोखंड शेवाळलेलं होतं, पाय घसरत होते, वरून वॉचमनकाका “साहब, रस्सी!” ओरडत होते. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला, आणि थंड पाणी पोटावर आलं तसा मी सात वर्षांचा झालो. तेवढ्यात पाइपच्या पलीकडे बाबांचं डोकं बाहेर आलं.

ते सूर मारणारे बाबा नव्हते. तोंड उघडं होतं, ओठ निळसर, आणि हात पाइपवर चढतच नव्हते. पकडायचे, निसटायचे. ते माझ्याकडे बघत होते, पण मी कोण ते त्यांना कळत असेल असं वाटलं नाही. मी एका हाताने पायरी धरली, जमेल तेवढा पाण्यात झुकलो आणि त्यांचं मनगट पकडलं. त्यांनी दुसरा हात माझ्या हातावर टाकला. नखं रुतली. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं होतं आणि वरून दोर अजून खाली यायचा होता.

त्यांच्या तोंडून नुसती फुसफुस येत होती. मी कान जवळ नेला.

“सोडू नको,” बाबा म्हणत होते. “सोडू नको रे. सोडू नको.”