वाऱ्यावरचे उंदीर

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला, जिथे पाहुण्यांना कधी कोणी नेत नाही, तिथे उंदरांची खोली होती आणि त्या खोलीचा सगळा कारभार मावशीकडे होता. कारभार म्हणजे काय, तर पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आणि मॅडम आल्या की एकेक उंदीर धरून द्यायचा. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. नवीन माणूस दिसला की कडकडून चावायचे, मावशीच्या हातात मात्र गुमान बसायचे. कोणी कौतुक केलं तर ती म्हणायची, "त्यांना कळतं हो, ही बाई भांडायच्या अवस्थेत नाही."

ते खरंच होतं. मावशी दमलेली होती. आजकालची नव्हे, वर्षानुवर्षांची दमलेली. नवरा रंगारी होता. एकदा शिडीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून तो पलंगावर, आणि पडून पडून पाठीला जखमा. सकाळी उठायचं, त्याला कुशीवर वळवायचं, मिठाच्या कोमट पाण्याने पाठ पुसायची, चादर बदलायची आणि धावतपळत कामावर येऊन पुन्हा तेच करायचं. दुसऱ्याचं अंथरूण, दुसऱ्याचं पाणी. उंदीर निदान चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत नाहीत, एवढाच काय तो आराम.

मॅडम तिच्या लेकीच्या वयाच्या असतील. बारीक अंगाच्या, नखं कुरतडणाऱ्या, जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच परत नेणाऱ्या. कुंपणाच्या कडेला, गटाराशेजारी कुठेही उगवणाऱ्या एका पाल्याच्या मागे त्या हात धुऊन लागल्या होत्या. कापलं, खरचटलं की जुनी माणसं तो पाला चुरगळून जखमेवर बांधत. मॅडमना एवढंच शोधायचं होतं, की पाल्याने जखम खरंच भरते, की ती आपोआप भरते आणि पाला फुकटचं श्रेय लाटतो. त्यासाठी उंदरांना गुंगीचं औषध देऊन पाठीवरची कातडी नाण्याएवढी गोल कापायची आणि रोज जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिचा आकार पेनाने गिरवायचा.

उंदरांच्या तीन रांगा केल्या होत्या. पहिल्या रांगेला पाल्याचं मलम. दुसरीला दुकानात मिळतं ते. तिसरीला नुसतंच मलम, नावापुरतं, आत औषध काही नाही. या तिसऱ्या रांगेला कागदोपत्री काहीतरी भारदस्त नाव होतं. मावशी त्यांना वाऱ्यावरचे म्हणायची, आणि हळूहळू मॅडमही म्हणू लागल्या.

घरी नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. दिवसभर छताकडे बघणाऱ्या माणसाला बायकोच्या कामाची हकीकत म्हणजे वर्तमानपत्र. एकदा म्हणाला, "ते तुझं पाल्याचं मलम आण की जरासं. माझ्याही पाठीचा प्रयोग होऊन जाऊ दे."

"आधी उंदरांचा नंबर," मावशी म्हणाली. "तुम्ही रांगेत उभे राहा."

"उभा राहिलो असतो तर काय हवं होतं," तो म्हणाला, आणि दोघंही हसले. नंतर तिला फार वाईट वाटलं, पण पाठ पुसायची राहिली होती.

प्रयोग संपला त्या दिवशी मॅडम उंदरांच्या खोलीतल्या स्टुलावर येऊन बसल्या आणि उठेचनात. मावशीने पाणी दिलं. ते तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "मावशी, पाला काही करत नाही."

"असं कसं? भरल्या की जखमा."

"भरल्या. पण वाऱ्यावरच्यांच्याही तितक्याच लवकर भरल्या. मग पाल्याने काय केलं? प्रयोगशाळेचे सर म्हणाले, पुरे झालं आता, अहवाल लिहा आणि विषय मिटवा. तीन वर्षं गेली माझी."

मावशीच्या डोळ्यांसमोर तिची रोजची सकाळ उभी राहिली. मॅडम यायच्या आत ती आपली एका वाटीत कोमट पाणी घ्यायची, चिमूटभर मीठ टाकायची, आणि वाऱ्यावरच्या एकेकाला मांडीवर घेऊन कापसाने त्याची पाठ पुसायची. पहिल्या दोन रांगांना ती हात लावत नसे. त्यांना त्यांचं औषध होतं, त्यांचं बघणारं कोणी होतं. यांचं कोण होतं? घाण झालेली जखम समोर दिसते आहे आणि आपण तशीच सोडून पुढच्या पिंजऱ्याकडे जायचं, हे तिच्या हातांना जमतच नव्हतं. त्यात आपण काही बिघडवतो आहोत, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या दिवशी ती पाण्याच्या बाटल्या भरून तशीच निघाली. घरी भाजी करपली. सांगितलं तर नोकरी जाईल, हे भय होतंच. दरवर्षी नव्याने सही होणारी नोकरी, तिला जायला कितीसा वेळ लागतो. पण खरी टोचणी वेगळीच होती. सांगितलं तर प्रयोग पुन्हा होणार. म्हणजे नवे उंदीर येणार, पुन्हा त्यांच्या पाठी कापणार, आणि त्यांना धरायला आपलेच हात लागणार. नाही सांगितलं, तर त्या पोरीची तीन वर्षं मातीत, आणि एखाद्या चांगल्या औषधावर कायमचा खोटेपणाचा शिक्का. इकडे आड, तिकडे विहीर. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तिने सगळं सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "माझ्यामुळे हाताला सवय लागली तुझ्या." तिला त्याचा राग आला. प्रत्येक गोष्टीत स्वतःला ओढून आणायची काय गरज असते या माणसाला. आणि तो म्हणतो ते खरं होतं, म्हणून आणखीच राग आला.

सकाळी मॅडम अहवाल लिहायला बसल्या होत्या. मावशी दारातच उभी राहिली आणि तिने एका दमात सांगून टाकलं.

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रोज. तुम्ही यायच्या आधी."

"मी वेड्यासारखी आकडे तपासत बसले. रात्रंदिवस. कोणी सांगितले होते तुम्हाला हे उपद्व्याप?"

"कोणी नाही. आपोआप हात गेला माझा."

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "जा मावशी आता. आत्ता माझ्यासमोर उभ्या राहू नका." मावशी गेली आणि तिने सगळे पिंजरे विनाकारण दुसऱ्यांदा धुतले.

दोन-तीन दिवस मॅडम फिरकल्याच नाहीत. मग एका दुपारी आल्या. सरांना त्यांनी सांगितलं होतं की देखरेखीत आपलीच चूक झाली, आणि शिव्या खाऊन आणखी एक संधी पदरात पाडून घेतली होती. "नवे उंदीर येतायत," त्या म्हणाल्या. "वाऱ्यावरच्यांना दुसऱ्या कोणाकडे देऊ का? तुम्हाला जड जाईल."

मावशीने विचार केला. दुसरा म्हणजे तो बाहेरचा सफाईवाला, जो उंदराला शेपटीने उचलायचा. "नको," ती म्हणाली. "मीच बघते. नाही पुसणार."

आणि तिने पुसलं नाही. नव्या रांगांच्या पाठी कापल्या, तिने धरून दिलं. रोज सकाळी भुसा बदलला, पाणी भरलं आणि वाऱ्यावरच्यांच्या पिंजऱ्यांपुढून नजर खाली घालून पुढे गेली. त्यातला एक, कान थोडा फाटलेला, तिचा हात आत आला की चढून मनगटावर बसायचा. त्याची जखम सगळ्यात चिघळली होती. तिने त्याला रोज मनगटावरून उचलून भुशात परत ठेवलं. घरी नवऱ्याची पाठ पुसताना तिचे हात इतके जड झालेले असत की तो गमतीने म्हणायचा, "माझ्यावर पण बंदी आली का?" ती चादर ओढून नीट करायची. असं कामावरून दमून ती कधी आली नव्हती. काम केल्याने माणूस दमतो हे तिला ठाऊक होतं, न केल्याने इतका दमतो हे नव्हतं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी कागद एकावर एक ठेवून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. जादू काही नव्हती. पण पाल्याच्या रांगेतल्या जखमा जवळजवळ मिटल्या होत्या आणि वाऱ्यावरच्यांच्या अजून ओल्या होत्या. फरक होता, आणि तो कोणालाही दिसला असता. "मावशी," त्या म्हणाल्या, "पाला चालतो." त्यांनी मावशीला मिठी मारली. मावशीने त्यांची पाठ थोपटली. तिलाही आनंद झाला, खरंच झाला.

मग ती म्हणाली, "आता वाऱ्यावरच्यांना लावायचं का थोडं?"

"उद्या सगळ्यांना संपवायचं आहे, मावशी. तिन्ही रांगा. कातडी आतून तपासावी लागते. तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होतं. इतक्या वर्षांत या खोलीतून एकही उंदीर जिवंत बाहेर गेला नव्हता.

"मोजायचं सगळं झालं ना पण?"

"झालं."

"मग आज तरी पुसू?"

आता पुसून काय होणार, हे मॅडमच्या ओठांवर आलं असणार. तपासणीला काही अडत नाही ना, याचा मनाशी हिशेब करून त्यांनी होकाराची मान हलवली. मग बाह्या वर सारून कान फाटलेल्याला स्वतः पिंजऱ्यातून काढलं आणि अवघडून दोन्ही हातांत धरलं. मावशीने वाटी जवळ ओढली, कापूस पिळला.

"इतका घट्ट नका धरू," ती म्हणाली. "तो काही पळत नाही."