आईने न फोडलेल्या कपबश्या

सदर इसम: स्त्री. वय सत्तरीकडे झुकलेले. व्यवसाय: तयार कपडे लहान-मोठे करणे, चेन बदलणे, शिवण उसवणे व पुन्हा घालणे. दुकान: जिन्याखाली. ओळखीची खूण: ओठांत टाचण्या, त्या असतानाही बोलणे चालू. साहित्याशी संबंध: एका मान्यवर कादंबरीकाराची थोरली बहीण, तसेच त्याच्या गाजलेल्या कादंबरीतील मोलकरणीची एकुलती एक मुलगी. परकी सत्ता गेली त्या दिवशी सदर मोलकरणीने साहेबाच्या बंगल्यावरील चहाचा संपूर्ण संच फरशीवर आपटून फोडला, अशी नोंद साहित्यात आहे.

नोंद चोख आहे. फक्त संच ताईच्या, म्हणजे सदर इसमाच्या, कपाटात आहे.

झालं होतं ते असं. साहेबाचा मुक्काम हलायच्या आदल्या दिवशी मडमेने आईला कपबश्या बांधायला सांगितल्या. आईने त्या व्यवस्थित, कापडात गुंडाळून बांधल्या आणि आपल्या टोपलीत, धुतलेल्या कपड्यांखाली ठेवल्या. मग ती पुढच्या दाराने बाहेर पडली. एरवी तिला मागचं दार होतं. पण त्या दिवशी सामानाच्या गडबडीत दाराशी कोणी नव्हतं. पुढे दोन्ही पोरं त्याच निळ्या काठाच्या कपांतून चहा प्यायली, तापात काढा प्यायली, भांडली. "ठेवून देऊ नका रे, वापरा," असं आई जाईपर्यंत सांगत होती.

ती गेली आणि धाकट्याने कादंबरी लिहिली. कादंबरीत आई एकेक कप उचलून, एक शब्द न बोलता फोडते. (खरी आई एक शब्द न बोलता काही करत असे, हेच ताईला पहिल्यांदा छापील स्वरूपात समजलं.) समीक्षक गहिवरले. परीक्षेत "कप फुटण्यातून लेखकाला काय सुचवायचे आहे?" हा प्रश्न येऊ लागला. धाकटा एकदा हळूच म्हणाला, "ताई, तो सेट जरा आत ठेवशील?" ताईने तो रजयांच्या मागे ठेवला आणि स्टीलचे पेले काढले. कटात भागीदार तीही होती म्हणा. पँट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना तो प्रसंग ती हातवारे करून सांगायची, आणि तिच्या तोंडून ऐकताना कप पुस्तकापेक्षा जास्त फुटायचे.

असं छान चाललं होतं. मग एका प्राध्यापिकाबाईंचं पत्र आलं. त्या धाकट्याच्या कादंबऱ्यांतली नीती आणि गुलामीनंतरचं मन यावर प्रबंध लिहीत होत्या, आणि त्यांना आईचं, आता ताई राहते ते, घर पाहायचं होतं. बाई यायच्या आदल्या संध्याकाळी धाकटा दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"ताई, त्या कपबश्यांचं काहीतरी करायला हवं."

"काय करायला हवं?"

"बाई घर बघणार. कपाट उघडलं तर?" त्याने घसा साफ केला. "आपण त्या... फोडून टाकल्या तर?"

ताईने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. हे ती वर्षाकाठी एखाद्या वेळेसच करत असे.

"आईच्या वस्तू फोडू? का रे?"

"अगं, आईने त्या... आणल्या होत्या. कळलं तर लोक काय म्हणतील? चोरी म्हणतील!"

"वा रे शहाण्या! साहेबाने अख्खा देश धुऊन नेला, त्यावर तू चारशे पानं लिहिलीस. आईने चार कपबश्या आणल्या तर तुला लाज वाटते?"

"तसं नाही गं. पण सोसणारं माणूस स्वच्छ असावं लागतं. नाहीतर वाचकाला त्याची कणव येत नाही."

"कणव हवी होती कुणाला? आईला तर चहा हवा होता."

ताईने हातातली पँट उलटी केली.

"मीसुद्धा लोकांच्या वस्तू कापते, छोट्या. पण आधी विचारते. तू आईला विचारलंस?"

"आई नव्हतीच तेव्हा."

"मी होते की!"

मान्यवर कादंबरीकार स्टुलावरून उठला. जाताना तो एवढंच म्हणाला, "तुला हवं ते कर." रात्रभर ताईला वाटत राहिलं, उद्या कप काढले तर पोराची अब्रू जाईल, आणि नाही काढले तर आईने ते पळवले होते हे जगात कुणालाच कधी कळणार नाही.

सकाळी तिने कप काढले.

प्राध्यापिकाबाई धाकट्याबरोबर आल्या. बसल्या. निळ्या काठाच्या कपात चहा आला तशा हरखल्या. "अय्या, कादंबरीत आहे अगदी तसाच सेट! त्या प्रसंगाची आठवण म्हणून मुद्दाम शोधून आणलात ना?"

सुटकेचं दार सताड उघडं होतं. ताई बिस्किटांची बशी धरून उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं.

"शोधून नाही आणलेला," तो म्हणाला. "आईने आणलाय. बंगल्यावरून. टोपलीत घालून, पुढच्या दाराने."

मग त्याने सगळं सांगितलं. मधे दोनदा ताईने दुरुस्ती केली. बाईंनी कप उलटा करून तळाचा शिक्का पाहिला. चहा बशीत सांडला.

"पण माझं तिसरं प्रकरण या कप फुटण्यावरच उभं आहे," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

"किती उसवावं लागेल?" ताईने आपुलकीने विचारलं.

"सगळंच." बाईंनी थोडा विचार केला. "पण पुस्तकात तर फुटलेच आहेत ना? मी पुस्तकाबद्दल लिहितेय." त्यांचा जीव भांड्यात पडला. "अजून एक कप मिळेल?"

प्रबंध मान्य झाला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणातील तळटीपेनुसार सदर संचाचा कोणताही अवशेष आज उपलब्ध नाही.

ताई रोज सकाळी त्यातूनच चहा पिते. बशीत ओतून.