सगळी पार्सलं माझ्याच नावाची

गिफ्ट द्यायचं, तर कोणी दिलं ते का सांगायचं नाही?

हा प्रश्न मी पहिल्याच वर्षी विचारला होता. तांबेकाका म्हणाले, "संजूला विचार." संजूदादा म्हणाला, "फ्रान्सिसला विचार, त्याच्याच डोक्यातली आयडिया." फ्रान्सिस म्हणाला, "तू समोसा खा यार!"

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकी. दर डिसेंबरला आम्ही क्लबरूममध्ये जमून चिठ्ठीत नाव आलेल्याला गुपचूप गिफ्ट देतो. हे सगळं जमवून आणायचा माझा मोठा भाऊ, संजूदादा. थंडीत खुर्चीवर स्वेटर साठतात ना, तसे या गिफ्टांचे किस्से साठलेत. एक ओढायला जावं, तर चार खाली पडतात!

*

रुबीनाताई मूळची पुण्याची, गुरुग्रामला आयटीत. तिने एका वर्षी कोणाला तरी केटल दिली. पुढच्या वर्षी ती केटल देवकाकूंकडे निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी रुबीनाताईने स्वतःचं पार्सल उघडलं, तर आत तीच केटल!

कोणी दिली, कोण सांगणार?

ताईने झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "चलो, घासून तरी परत आली!"

*

तांबेकाका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. ऑफिसातली गुपितं त्यांनी कशी सांभाळली, देव जाणे. देवकाकूंनी पार्सल हातात घेतलं रे घेतलं, की हे खुर्चीतून ओरडले, "हळू! काच आहे!"

दादाने कपाळाला हात लावला. "काका, सांगायचं नसतं!"

"मी कुठे म्हटलं मी दिलंय? मी फक्त म्हटलं, फुटेल!"

*

पावसाळ्यात दादा गेला. मेट्रोतून उतरला आणि प्लॅटफॉर्मवरच कोसळला.

नववीत माझी शाळा सुटली, तेव्हा त्यानेच मला इकडे आणलं, मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत लावून दिलं. तो गेल्यावर लोक दाराशी येऊ लागले. देवकाकू डबा घेऊन आल्या. मी तो लिफ्टपाशीच परत त्यांच्या हातात दिला. फ्रान्सिसने ब्लँकेट आणलं, तेही परत. रुबीनाताईला तर मी म्हटलं, "आम्ही काय भिकारी आहोत का?" वहिनी आतून म्हणाली, "मन्या, जीभ आवर." पण मला नाही जमलं. वस्तू हातात घेतली, की दादा खरंच गेला असं वाटायचं.

आमच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर दादाचा नंबर अजून आहे. ऍडमिनने काढायचा. ऍडमिन तोच. आता ग्रुपवर कोणी काहीही टाकलं, तरी सगळ्यांनी वाचल्याची निळी खूण येत नाही.

*

डिसेंबर लागला आणि देवकाकूंचा मेसेज आला. "या वर्षी गिफ्टचं राहू दे ना?"

मी कंपनीच्या बसमध्ये होतो. विचार न करता लिहिलं, "होणार. मी करणार."

पाठवलं आणि पुसून टाकावंसं वाटलं. मला काय येतं? लोक जमतील, दादाची खुर्ची बघतील, एक रडला की सगळे रडतील. दादाच्या मजेच्या कार्यक्रमाची शोकसभा होईल, आणि ती भरवणारा मी! म्हणून लगेच दुसरा मेसेज टाकला. "जो रडेल त्याला गिफ्ट मिळणार नाही."

मग वहिनीचं उत्तर आलं. "बजेट किती?"

*

चिठ्ठ्या लिहायला बसलो, तर तांबेकाकांनी पेन ओढून घेतलं. "तुझं अक्षर बघून लोक शेजारच्या सोसायटीत गिफ्ट पोचवतील. दे इकडे!"

चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या, डब्यातही त्यांनीच टाकल्या. सगळ्यांनी एकेक उचलली, उघडली, चेहरा सरळ ठेवून खिशात घातली. मला काकांनी शेवटची हातात दिली. त्यांचंच नाव! मी माकडटोपी आणली.

मग विचित्रच सुरू झालं. रुबीनाताईचा फोन, "कंपनीच्या बसमध्ये हीटर असतो का रे?" लिफ्टमध्ये देवकाकू माझ्या खांद्यावर वीत टाकून मोजायला लागल्या. "काय काकू?" "काही नाही, डास होता." डिसेंबरात! फ्रान्सिस तर सरळच म्हणाला, "तू मीडियम ना? सहज विचारतोय."

मला कळेना. हे लोक गिफ्ट आणतायत, की माझ्यावर लक्ष ठेवतायत? मी रडतो का, ते बघतायत?

*

गिफ्टचा दिवस. सगळे बाहेर चहा घेत होते, मी क्लबरूमच्या आतल्या खोलीत पार्सलं लावत होतो. पहिल्यावर नाव, मनोज. दुसऱ्यावर मनोज. तिसऱ्यावर मनोज! माकडटोपी सोडली, तर सगळ्यांवर मीच!

मी काकांना आत ओढलं. "काका, चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं?"

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "हाताने दिलेलं तू घेत नाहीस. मग काय करणार? कोणाला काही माहीत नाही. प्रत्येकाला वाटतंय, नशिबाने तूच आलास."

"आणि बाकीचे? ते हात हलवत घरी जाणार?"

"ते... ते माझ्या लक्षात आलं नाही."

बाहेरून फ्रान्सिस ओरडला, "सुरू करायचं का?"

मी एकदम लेबलं फाडायला लागलो. नवी चिकटवली. देवकाकू, रुबीना, फ्रान्सिस, जे हाताला लागेल त्यावर. काकांनी माझ्यासाठी आणलेलं पार्सल माझ्याकडेच ठेवलं, माकडटोपी काकांचीच. शेवटचं मऊ होतं. कागदावरून बोट फिरवलं, तर चेन लागली, चेनला अडकवलेली किल्लीची रिंग लागली. दादाचं निळं जॅकेट. चेनची ओढायची पट्टी तुटली, तेव्हा ती रिंग मीच लावून दिली होती. लेबलावर वहिनीचं अक्षर.

तेही फाडलं. नवं नाव लिहिलं आणि बाहेर आलो.

देवकाकूंना जेन्ट्स जॅकेट निघालं, गुडघ्यापर्यंत. रुबीनाताईला ढगळ पुरुषी स्वेटर. फ्रान्सिसचं पार्सल उघडलं, तर मीडियम टी-शर्ट! तो छातीला लावून म्हणाला, "अरे, हा तर मी—" आणि थांबला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाकीच्यांना आपण आणलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसत होती आणि बोलता कोणालाच येत नव्हतं. "छान आहे," फ्रान्सिस म्हणाला, "कोणी दिलाय कोण जाणे!" देवकाकू इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

राहिली वहिनी. तिने कागद काढला. निळं जॅकेट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हसणं थांबलं.

"वहिनी," मी म्हणालो, "घालून बघ. माप बघ."

तिने घातलं. चेन वरपर्यंत ओढली. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि आधी उजवी बाही दुमडून दिली, मग डावी.